सीट आपोआप मागे जाते

आपल्या गाडीला शिंक जरी आली तरी ती आपल्याला आधी कळते, असा लिफ्टवाल्यांचा दावा होता. हा दावा ते जिन्यात करत, पार्किंगमध्ये करत आणि न्हाव्याच्या खुर्चीत मान खाली असतानाही करत. इमारतीत त्यांना सगळे लिफ्टवालेच म्हणायचे. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार विभागात ते बसत आणि दिवसभर फोनवर अडकलेल्या माणसांना धीर देत. "घाबरू नका, आमचा माणूस निघालाय," हे वाक्य दिवसभर म्हणून संध्याकाळी त्यांना माणसाचा आवाजच नकोसा व्हायचा.

आणि घरी तर आवाजांची नुसती जत्रा. आप्पा, म्हणजे त्यांचे वडील, टीव्हीवरच्या बातम्या अशा लावत की समोरच्या इमारतीने वेगळा टीव्ही घ्यायची गरज नव्हती. बायको सकाळ-संध्याकाळ हॉलमध्ये शिकवण्या घ्यायची, त्यामुळे पाढ्यांचा गजर ठरलेला. लेकीला वक्तृत्वाचं वेड लागलं होतं. आतल्या खोलीत ती आरशाला उद्देशून "उपस्थित सज्जनहो" अशी सुरुवात करायची आणि मग सज्जनांची काही सुटका नसायची.

म्हणून लिफ्टवाल्यांनी गुपचूप एक सोय करून घेतली होती. ऑफिस सुटलं की खाली पार्किंगमध्ये गाडी लावायची, इंजिन बंद करायचं, पंखा आणि रेडिओ तेवढा चालू ठेवायचा, सीट मागे करायची आणि डोळे मिटून पडायचं. चांगलं तासभर. वर गेल्यावर "आज फारच ट्रॅफिक होतं" म्हटलं की काम झालं. ऑफिस दोन सिग्नल पलीकडे होतं, पण घरात कोणी कधी खोलात शिरलं नव्हतं. हा एक तास होता म्हणून ते बाकीचा दिवस माणसासारखे वागत होते.

एका सकाळी त्यांनी किल्ली फिरवली तर इंजिन जरा कण्हलं आणि मग चालू झालं. पाठोपाठ समोर एअरबॅगचा लाल दिवा लागला. तो काही विझेना. लिफ्टवाल्यांनी हिशोब मांडला. एअरबॅगचा दिवा लागतो म्हणजे गाडी कुठेतरी आदळली असणार, आणि आपण तर आदळलेलो नाही. मग राहिलं कोण? गाडी बायकोलाही चालवता येत होती.

संध्याकाळी त्यांनी अगदी सहज विचारल्यासारखं करून विचारलं, "गाडीला कोणी हात लावला होता का?"

बायको आप्पांना चहा ओतत होती. चहा कप भरून बशीत आला, बशी भरून टेबलावर आला, तरी ती ओततच राहिली. आप्पांनी चहाकडे न बघता टीव्हीचा आवाज वाढवला. लेक पटकन उठून बाथरूममध्ये गेली. तिघंही सामील आहेत हे लिफ्टवाल्यांनी ओळखलं. टॉर्च घेऊन ते खाली गेले आणि गुडघे टेकून दोन्ही बंपर बारकाईने तपासले. एक ओरखडा सापडला, तोही त्यांनी स्वतःच मागच्या वर्षी काढलेला होता.

दुसऱ्या दिवशी एअरबॅगच्या जोडीला स्टिअरिंगचा दिवा आला आणि मग ब्रेकचा. लिफ्टवाल्यांनी तडक गॅरेज गाठलं. पण तिथे पोचेपर्यंत, डॉक्टरच्या दारात पोराचं पोट दुखायचं थांबावं तसे, सगळे दिवे विझले होते. मेकॅनिकने रिकाम्या डॅशबोर्डकडे पाहिलं, मग लिफ्टवाल्यांकडे पाहिलं. दिवे पुन्हा लागले की गाडी न हलवता मला फोन करा, असं तो म्हणाला. मग जाता जाता त्याने एक प्रश्न टाकला.

"इंजिन बंद करून गाडीत रेडिओबिडिओ लावून बसता का हो?"

"छे! मला काय घरदार नाही का?" लिफ्टवाले म्हणाले.

हे म्हणताना त्यांचे कान तापले. खरं सांगितलं तर मेकॅनिक म्हणणार, बसू नका. आणि बसू नका म्हटलं की संपलंच सगळं. परतताना प्रत्येक सिग्नलला त्यांना वाटलं, परत जाऊन सांगावं. प्रत्येक सिग्नल हिरवा झाला आणि ते पुढे गेले.

मग त्यांनी मनाशी तडजोड केली. तासाचा अर्धा तास केला. पंखा बंद ठेवला. शेवटी रेडिओही बंद केला आणि घामाने भिजत, डोळे उघडे ठेवून, विझलेल्या डॅशबोर्डकडे बघत ते बसू लागले. विश्रांती कसली, तो पहाराच झाला. पण दिवे कमी व्हायच्या ऐवजी वाढले! लिफ्टवाल्यांना आधी धक्का बसला आणि मग चक्क हायसं वाटलं. आपण काहीच लावत नाही तरी दिवे लागतात, म्हणजे दोष आपला नाही. बिघाड मोठा आहे.

आणि आता त्या दृष्टीने बघायला लागल्यावर बिघाड जिकडेतिकडे दिसू लागला. सकाळी गाडीत बसावं तर आदल्या संध्याकाळी आठवणीने पुढे घेतलेली सीट पार मागे गेलेली असे, पाय क्लचपर्यंत पोचत नसत. वरचा आरसा छताकडे तोंड करून असे. रेडिओ तर आपोआप स्टेशन बदलत होता. ऑफिसातून येताना बातम्यांवर ठेवावा तर सकाळी जुनी गाणी, आणि जुन्या गाण्यांवर ठेवावा तर भलतंच काहीतरी धडाडधूम. गाडीचा मेंदूच फिरला आहे, असं निदान करून त्यांना झोप लागेना. ते कूस बदलत राहिले आणि मधूनच उठून खिडकीतून गाडीकडे बघून आले.

शनिवारी जेवताना त्यांनी जाहीर केलं की गाडी आठवडाभर गॅरेजला टाकायची. वाटलं होतं, घरचे काळजीने होकार देतील. तर आप्पांनी घास खाली ठेवला आणि दिवे काय, लागतात नि विझतात, असं म्हणाले. बायको म्हणाली, उगाच खर्चात पडू नका. लेकीने तर गाडीच्या बाजूने छोटंसं भाषणच केलं. इतका जिव्हाळा गाडीबद्दल! लिफ्टवाल्यांना भरून आलं. तेही लगेच म्हणाले, बरं, नको टाकायला. त्यांनाही मनातून तेच हवं होतं.

रविवारी सगळ्यांना मेहुण्याकडे जेवायला जायचं होतं. चौघं नटून गाडीत बसले, लिफ्टवाल्यांनी किल्ली फिरवली, आणि गाडीने नुसतं टिकटिक टिकटिक केलं. काटे थरथरले. होते नव्हते तेवढे सगळे दिवे एकदम लागले, आणि काही तर असे होते की ते आपल्या गाडीत आहेत हेही लिफ्टवाल्यांना ठाऊक नव्हतं. "सगळे उतरा!" ते ओरडले, आणि आप्पांचा सदरा दारात अडकला.

मेकॅनिक आला. बॉनेट उघडण्याआधीच लिफ्टवाल्यांनी त्याला तक्रारी ऐकवायला सुरुवात केली. एअरबॅग, स्टिअरिंग, ब्रेक. शिवाय सीट आपोआप मागे जाते. आरसा फिरतो. रेडिओ स्वतःच्या मर्जीने वागतो. मेकॅनिकने शांतपणे बॅटरीला मीटर लावला आणि मान हलवली.

"बॅटरी बसलीय. बाकी काही नाही."

"आणि हे एवढे दिवे?"

"बॅटरीत दम नसला की आतल्या यंत्रांना वीज पुरत नाही. मग ज्याला कमी पडते तो दिवा लावून मोकळा होतो. ब्रेक चांगला आहे, स्टिअरिंग चांगलं आहे, सगळं चांगलं आहे. तुम्ही जवळच्या जवळ फिरता, तेवढ्यात ती भरत नाही. वर कोणीतरी बंद गाडीत बसून ती संपवतंय."

"पण सीट?" लिफ्टवाले म्हणाले.

मेकॅनिकने वाकून सीटखालचा दांडा त्यांना दाखवला. "ही हाताने ओढायची सीट आहे, साहेब. हिला वीज लागतच नाही. कोणी ओढल्याशिवाय ही जागची हलणार नाही."

पार्किंगमध्ये शांतता पसरली. अशी शांतता त्या कुटुंबाने एकत्र असताना कधी अनुभवली नव्हती.

"माझे पाय लांब आहेत," आप्पा शेवटी म्हणाले. सकाळच्या फेरफटक्याला म्हणून ते निघत ते थेट गाडीत येत, कारण वर शिकवणीची पोरं असत. मग बायकोने आरशाचं कबूल केलं. रात्री कचरा टाकायला ती खाली यायची आणि आप्पांचा टीव्ही बंद होईपर्यंत जुनी गाणी ऐकत बसायची. समोर आरशात स्वतःचा दमलेला चेहरा नको, म्हणून तो वर फिरवायची. धडाडधूम संगीत लेकीचं होतं. मैत्रिणीकडे जाते असं सांगून ती गाडीत येऊन पडायची. "सारखं बोलून बोलून मीसुद्धा दमते ना," ती म्हणाली, आणि तिघांनी तिच्याकडे प्रथमच पाहिल्यासारखं पाहिलं.

बायको मग नवऱ्याकडे वळली. "आणि तुमचं ते ट्रॅफिक?"

लिफ्टवाल्यांनी बॉनेटमध्ये डोकं घातलं. दिवसभर लोकांना धीर देणाऱ्या माणसाला स्वतःसाठी एक शब्द सापडेना. पण वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. एका घरात चार माणसं एकमेकांपासून पळत होती आणि पळून एकाच ठिकाणी येत होती.

नवी बॅटरी बसवून झाली. बंद गाडीत कोणी बसायचं नाही, असं मेकॅनिकसमोर चौघांनी कबूल केलं. सोमवारी संध्याकाळी लिफ्टवाले वेळेवर घरी आले. टीव्ही बंद होता. शिकवणीला सुट्टी होती. लेक गप्प होती. चौघं हॉलमध्ये एकमेकांकडे बघत बसले, आणि कोणालाच काय बोलावं सुचेना.

"थोडा वेळ सगळेच खाली गाडीत बसू या का?" आप्पा म्हणाले.

कोणी आढेवेढे घेतले नाहीत. गाडीत बसल्या बसल्या आप्पांना बातम्या हव्या झाल्या, बायकोला गाणी, लेकीला धडाडधूम, आणि काच कोणी किती खाली करायची यावर वेगळीच जुंपली. पाणी आणतो सांगून लिफ्टवाले सटकले. वर आले, दार लावलं. घर रिकामं! ते सोफ्यावर लांब झाले, डोळे मिटले. काय ती शांतता. गाडीपेक्षा ऐसपैस, आणि सीट ओढायचीही गरज नाही.

डोळा लागतोय तोच दार हळूच उघडलं. बायको होती, चष्मा विसरले म्हणाली. तिच्यामागे लेक आली, तिला तहान लागली होती. थोड्या वेळाने धापा टाकत आप्पा आले आणि काहीच कारण न सांगता आपल्या खुर्चीत बसले. चौघंही गप्प राहिले. पण या वेळी त्या गप्प राहण्यात काही अवघडलेपण नव्हतं, उलट बरं वाटत होतं. लिफ्टवाल्यांनी समाधानाने पाय ताणले, आणि एकदम उठून बसले.

"गाडीची किल्ली कोणी आणली?"

तिघं एकमेकांकडे बघू लागले. खालून रेडिओचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता.