‘झालाच पाहिजे’ कुठे राहिला?

सीताराम परब रविवारी शर्यतीत धावणार, हे ऐकून सुभद्राचं लाटणं पोळपाटावरच थांबलं. तिने नवऱ्याकडे डोक्यापासून पायापर्यंत एकदा बघून घेतलं.

“तुम्ही? अहो, डोळ्यांदेखत ट्राम सुटली तरी तुम्ही पाऊल उचलत नाही. म्हणता, मागून दुसरी येईल.”

“मग येतेच ना! आणि मला काही जिंकायचं नाहीये. नुसतं पोचायचंय.”

हे मात्र खरं होतं. चाळिशी ओलांडलेला, गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवणारा सीताराम घोडपदेव धावक संघाचा जुना सभासद होता, पण तो धावण्यासाठी नव्हे. संघाच्या खोलीत संध्याकाळी कॅरम चाले, त्यासाठी. धावायचं काम बाकीचे करत. पण अठ्ठावन्न सालच्या जानेवारीत दादरच्या एका जिमखान्याने भायखळ्यापासून शिवाजी पार्कपर्यंत चार मैलांची शर्यत ठेवली आणि नियम काढला की प्रत्येक संघाने चार गडी उतरवायचे. एक जरी कमी पडला तर अख्खा संघ बाद. घोडपदेवचा चौथा गडी भिवा आठवड्यापूर्वीच चाळीच्या जिन्यावरून घसरला होता आणि पाय प्लास्टरात घालून खाटेवर पडला होता.

शर्यत सोडून देता येत नव्हती, ती कुशाबामुळे. कुशाबा म्हणजे संघाचा हिरा. बावीस वर्षांचा, काटकुळा, धावायला लागला की पाय जमिनीला लागतात की नाही अशी शंका यावी. पण गिरणीत तो होता बदली कामगार. रोज सकाळी दारात उभं राहायचं, कोणी आला नाही तर काम, नाहीतर घरी परत. परळच्या एका गिरणीचे लेबर ऑफिसर शर्यतीला येणार होते. त्यांना गिरणीच्या संघासाठी धावणारा माणूस हवा होता, आणि जो पहिला येईल त्याला कायम करून घेतो, असं ते चारचौघांत बोलले होते. कुशाबाचं लग्न ठरल्यात जमा होतं, पण तो कायम झाल्याशिवाय मुलीचा बाप सुपारी फोडायला तयार नव्हता.

“सीताराम, तू फक्त पोच,” संघाचे सेक्रेटरी धोंडूमास्तर म्हणाले. हे शाळेतून निवृत्त झालेले ड्रिलमास्तर. साधं बोलले तरी हुकूम सोडल्यासारखं वाटे. “चालत पोच, बसत पोच, पण पोच. एका पोराचा संसार अडलाय.”

एवढं म्हटल्यावर नाही कोण म्हणणार?

रविवारी सकाळी भायखळ्याला साठेक धावणारे जमले. ते दिवस असे होते की चार माणसं एका दिशेने चालू लागली तरी पोलिसांना मोर्चाचा वास येई. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती. त्यामुळे शर्यतीला परवानगी मिळाली ती अटीवर : घोषणा नाहीत, फलक नाहीत. या अटीखाली प्रत्येक संघाच्या सेक्रेटरीची सही घेतली होती. धोंडूमास्तरांनी तर सहीखाली दोन रेघाही मारल्या होत्या.

संघाची नवी बनियनं मात्र अजून आली नव्हती. शर्यत सुटायला दोन मिनिटं उरली असताना नाना पेंटर बोचकं घेऊन धापा टाकत आला. चौघांनी तिथंच रस्त्यात सदरे उतरवले, बनियनं अंगात चढवली, कोणीतरी छातीवर नंबर टाचले आणि पिस्तूल वाजलं.

पहिल्या पन्नास पावलांतच सगळे सीतारामच्या पुढे गेले. त्याचं त्याला वाईट वाटलं नाही. मागे असल्याचा एक फायदा असतो, पुढच्यांच्या पाठी दिसतात. आपल्याच संघातला रघु दिसला. त्याच्या पाठीवर लाल, ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, ‘संयुक्त’. सीतारामला वाटलं, आपल्याला घामामुळे नीट दिसत नाही. मग गंगाधर दिसला. त्याच्या पाठीवर ‘महाराष्ट्र’. आणि पार पुढे, हरणासारखा निघालेल्या कुशाबाच्या पाठीवर, ‘मुंबईसह’.

सीतारामचं डोकं त्याच्या पायांपेक्षा बरंच चपळ होतं. मुंबईसह, संयुक्त, महाराष्ट्र. म्हणजे मग आपल्या पाठीवर...

त्याने धावता धावता मान मागे वळवून पाहिली. मग दुसऱ्या बाजूने पाहिली. अंगाभोवती दोन गिरक्याही घेतल्या, पण स्वतःची पाठ काही हाती लागेना. शेवटी एका पानवाल्यासमोर थांबून त्याने विचारलं, “भाऊ, जरा बघा हो, माझ्या पाठीवर काय लिहिलंय?”

पानवाल्याने चुना लावता लावता मोठ्याने वाचलं, “झालाच पाहिजे!”

“झालाच पाहिजे!” समोरच्या चाळीच्या तिन्ही मजल्यांवरून उत्तर आलं.

घोटाळा कसा झाला ते नंतर कळलं. नाना पेंटरने विचारलं होतं, “पाठीवर काय लिहू?” धोंडूमास्तर घाईत म्हणाले होते, “आपलं नेहमीचं.” मास्तरांच्या मनात संघाचं नाव होतं. नाना आठ महिने संयुक्त महाराष्ट्र समितीचे फलक रंगवत होता. त्याचं नेहमीचं एकच होतं. बनियनं चार होती, म्हणून त्याने ते चौघांत वाटलं.

लालबागला पोचेपर्यंत सीतारामच्या शेजारी एक सायकल येऊन लागली. सायकलवर हवालदार राजाराम होते.

“ए, झालाच पाहिजे! हळू हो.”

“हवालदारसाहेब, यापेक्षा हळू झालो तर उभा राहीन.”

“मग उभा राहा. साहेबांचा हुकूम आहे. एकेक शब्दाला काही गुन्हा लागत नाही. नुसतं ‘संयुक्त’ लिहिलं तर कायदा काय करणार? पण चौघे ओळीने उभे राहिले की घोषणा होते. आणि घोषणा झाली की मला चौघांना आत घ्यावं लागतं. तेव्हा तू मागे राहायचंस.”

“मी सकाळपासून तेच करतोय!” सीताराम कळवळून म्हणाला.

पण हे लालबागला मंजूर नव्हतं. बातमी गॅलऱ्यांमधून धावणाऱ्यांच्याही पुढे गेली होती. मसाल्याच्या दुकानांतून माणसं बाहेर आली, मिरच्या कुटणारे मुसळ हातात घेऊनच उभे राहिले. पुढचे तीन शब्द गेलेले त्यांनी पाहिले होते आणि आता चौथ्याची वाट पाहत होते. चौथा आला तो पोट धरून, सायकलच्या वेगाने नव्हे, सायकल ढकलण्याच्या वेगाने.

“अरेरे! बाकी सगळं गेलं नि ‘झालाच पाहिजे’ मागे पडलं!”

“ओ पावणं, उचला की पाय!”

एक टोपीवाले म्हातारे काठी टेकत चार पावलं त्याच्याबरोबर चालले. चालत चालत ते म्हणाले, “बाळ, मोर्च्यात मी दोनदा लाठी खाल्ली. ती काय असं लंगडत ‘झालाच पाहिजे’ बघायला?”  सीताराम जरा वेगाने धावला, त्या काठीपासून लांब जायला म्हणून.

एवढ्यात समोरून ट्राम आली. पायरीवर लोंबकळत कंडक्टर ओरडला, “अहो, ‘झालाच पाहिजे’! लवकर जा! परळ नाक्यावर मुंबईला धरून ठेवलंय! तुम्ही आल्याशिवाय सोडत नाहीत म्हणतात!”

 मुंबई म्हणजे कुशाबा. कुशाबा पहिला होता. आणि तो आपल्यासाठी अडकून पडलाय!

मग सीताराम धावला. खरंच धावला. गुडघा ठणकत होता, बरगडीखाली कळ येत होती, चपला नको म्हणून घातलेले भिवाचे कॅनव्हासचे बूट एक माप मोठे होते आणि फटाक फटाक वाजत होते. डोळ्यांपुढे गिरणीच्या दारात उभा असलेला कुशाबा दिसत होता.

“अरे, थांब, थांब!” हवालदार पेडल मारत ओरडले. “मला वरती जबाब द्यायचाय!” मग त्यांनी सीतारामच्या तोंडाकडे पाहिलं.  आणि एकदम म्हणाले, “छ्या! चेन पडली वाटतं.” ते सायकलवरून उतरले आणि खाली वाकून बसले. सीतारामने मागे वळून पाहिलं, तर चेन होती तिथंच होती.

परळ नाक्यावर माणसांची भिंत उभी होती. पुढचे सगळे धावणारे त्यातून वाट काढून केव्हाच पसार झाले होते. मागे एक मोटारही अडकून हॉर्न वाजवत होती. मधोमध खानावळवाल्या कमलाबाईंनी कुशाबाचं मनगट धरलं होतं. कुशाबा रोज दोन वेळ त्यांच्याच पंगतीत जेवायचा, त्यामुळे हात हिसकावून घ्यायची त्याची छाती नव्हती. त्याच्या मागे रघु आणि गंगाधर ओळीने उभे केलेले होते आणि गंगाधरच्या मागे एका माणसाची जागा मोकळी होती.

“मावशी, सोडा हो! माझी नोकरी चालली!” कुशाबा रडकुंडीला आला होता.

“रव रे झिला! मुंबई एकटीच खय चल्ली? दिल्लीवाल्यांका तर ताच व्हया हा! मुंबई येगळी नि म्हाराष्ट्र येगळो! माझ्या दारासमोरसून असा जावचा नाय.”

तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, “आला! आला!” गर्दी दुभंगली. सीताराम हातवारे करत आत शिरला आणि त्या मोकळ्या जागेत जाऊन अक्षरशः कोसळला. दोघांनी त्याला काखेत धरून उभा केला, पाठ लोकांकडे फिरवली. नाक्याने चारही पाठी एका दमात वाचल्या. असा आवाज उठला की तारेवरचे कावळे उडाले.

कमलाबाईंनी हात सोडला. “आता जा, बाबा.”

“पळ, कुशाबा!” सीताराम कसाबसा म्हणाला.

“आता काय उपयोग, दादा? पहिले दादरला पोचले असतील.”

“तू पळ रे, माझ्या राजा! मी मागून येतो!”

कुशाबाने डोळे पुसले आणि तो निघाला. सीतारामने असं धावणं त्याआधी पाहिलं नव्हतं. क्षणभर लाल अक्षरं दिसली, मग नुसती गर्दी.

सीताराम शिवाजी पार्कला पोचला तेव्हा मांडवातल्या खुर्च्या उचलायला सुरुवात झाली होती. तो शेवटून पहिला आला. धोंडूमास्तर एका बाकावर डोकं धरून बसले होते. त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, “दोन रेघा मारल्या होत्या रे मी सहीखाली.”

“आधी कुशाबाचं सांगा.”

“नववा आला.”

सीताराम मटकन मास्तरांच्या शेजारी बसला. मग त्याला दिसलं की पलीकडे कुशाबा उभा आहे आणि एक सूटवाले गृहस्थ त्याच्याशी बोलत आहेत. सीताराम फरफटत तिकडे गेला. म्हणाला, “साहेब, चूक त्याची नाही. माझ्यामुळे खोळंबला. मी स्लो आहे.”

“माहीत आहे,” लेबर ऑफिसर म्हणाले. “परळ नाक्याला अडकलेली मोटार माझीच. पाच मिनिटं बारा सेकंद हा उभा होता, मी घड्याळ लावून बसलो होतो. पाच मिनिटं उभा राहून जो साठांत नववा येतो, त्याला सोडून मी पहिला आलेला कशाला घेऊ? उद्या सकाळी ऑफिसात ये रे. फक्त एक सांगतो, गिरणीसाठी धावताना कोरं बनियन घालायचं.”

कुशाबा त्यांच्या पाया पडायला वाकला, मग सीतारामच्याही पाया पडला. त्याला उठवायला वाकलेल्या सीतारामला मग स्वतःलाच सरळ होता येईना.

एवढ्यात इन्स्पेक्टरसाहेब आले. त्यांच्या मागे हवालदार राजाराम सायकल हातात धरून होते.

“चारही बनियनं काढा,” इन्स्पेक्टर म्हणाले. “पुरावा म्हणून जप्त.”

रघुने काढलं, गंगाधरने काढलं, कुशाबाने काढलं. सीतारामचं अंगाला चिकटलं होतं, ते दोघांनी ओढून काढलं. हवालदारांनी घडी घालून चारही ताब्यात घेतली.

“चला, निघा आता.”

सीताराम वळला. मागे उभ्या असलेल्या लोकांत आधी खसखस पिकली, मग मोठा हशा उठला. नाना पेंटरने हे चौथं बनियन सगळ्यांत शेवटी रंगवलं होतं, त्याचा तेलरंग रात्रीत वाळलाच नव्हता. चार मैलांच्या घामाने तो कापडातून आरपार उतरला होता आणि सीतारामच्या उघड्या पाठीवर, जरा पसरट पण स्वच्छ वाचता येईल असं, ‘झालाच पाहिजे’ उमटलं होतं.

इन्स्पेक्टर बराच वेळ त्या पाठीकडे बघत राहिले.

“हवालदार, हे कसं जप्त करायचं?”

“माणसासकट करावं लागेल, साहेब,” राजाराम गंभीरपणे म्हणाले. “आणि त्याला चालवत नाही. उचलून न्यावा लागेल.”

इन्स्पेक्टरांनी सीतारामच्या वजनाचा अंदाज घेतला, भोवतीच्या गर्दीचाही घेतला आणि टोपी नीट करून ते दुसरीकडे बघू लागले.

घरी सुभद्राने त्याला पालथं पाडलं आणि रॉकेलच्या बोळ्याने पाठ घासायला घेतली. तासभर घासूनही तिला निम्मंच यश आलं. ‘पाहिजे’ सगळं निघालं. ‘झालाच’ मात्र पुढे पंधरा दिवस तसंच राहिलं.