दशमीची भरती

बोरीवलीत तळमजल्यावर राहणाऱ्या माणसाने समुद्राच्या भरती-ओहोटीचं करायचं काय? पण आमचे परबकाका दात काढायलासुद्धा ओहोटीलाच गेले. "भरतीक रगात जास्त येता," म्हणे! रोज सकाळी पाणी भरताना मला तिथी ऐकवायचे. हिशेब सोपा. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. त्यानंतर सहा तासांनी खडखडीत ओहोटी. मालवणकडचा माणूस. संपात गिरणी गेली, तरी ही पाऊणकी काही सुटली नाही.

काकांनी लग्न केलं नाही. तीन धाकट्या भावांना मार्गी लावता लावता राहून गेलं. भाऊ सणाला यायचे, दारातच "चलतो दादा, उशीर होतोय" म्हणायचे. आम्ही शेजारी तरी काय मोठे वेगळे होतो? "घाई कित्याक? बस मरे," काका म्हणायचे, आणि आम्ही पायातली चप्पल न काढता सटकायचो.

त्या वर्षी सोसायटीच्या सहलीला काकांनी एक बेट सुचवलं. खाडीच्या तोंडाशी, होडीशिवाय रस्ता नाही, टपरी नाही, नळ नाही, नुसती वाळू आणि सुरूची झाडं. होडीवाला त्यांच्या ओळखीचा. आमचे सेक्रेटरी गोखले म्हणाले, "एक वाजता परत निघायचंच. संध्याकाळी टीव्हीवर सिनेमा आहे." मी छाती पुढे काढून म्हणालो, "जबाबदारी माझी!" नसती हौस.

रविवारी पहाटे नळावर काका भेटले. "आज दशमी. साडेसाताक भरती." मी नेहमीप्रमाणे हो हो केलं. मग बघतो तर काकांच्या डोक्यावर हे भलंमोठं पातेलं आणि बरोबर पाण्याचे दोन कॅन.

"काका, तीन-चार तासांसाठी हे कशाला?"

"असांदे."

बेट मात्र झकास होतं. आमच्या पंचवीस जणांखेरीज चिटपाखरू नाही. एक वाजता गोखल्यांनी शिट्टी मारली, आम्ही सामान उचललं, आणि बघतो तर पाणीच गायब! होडी चिखलात आडवी.

"चुकलंय मी," काका म्हणाले. "आता साडेचाराक पाणी येतला."

वाट लागली! गोखले माझ्यावर उखडले, बायको माझ्यावर उखडली, मी काकांवर उखडलो. "एवढं रोज तिथी तिथी करता, आणि आज नेमकं?" तीन दगड मांडून काकांनी पातेल्यात उकड्या तांदळाची पेज चढवली. खिशातून, देवाशप्पथ, कागदात बांधलेलं लोणचं काढलं.

पेज पोटात गेली आणि माणसं हळूहळू माणसांत आली. चार वर्षं फक्त नोटिसा लावणारे गोखले पँट दुमडून लंगडी खेळले. एकमेकींशी न बोलणाऱ्या दोघी एकाच चटईवर घोरल्या. काका मध्ये बसून सगळ्यांना वाढत होते, गावच्या गजाली सांगत होते, आणि कुणीही उठून जात नव्हतं. जाणार कुठे?

साडेचारला पाणी आलं, होडी हलली, आणि मी हुश्श केलं. सगळे सुखरूप घरी. सिनेमा अर्धा बुडाला, पण चेहरे हसरे. जिना चढताना मला एकदम नळावरची पहाट आठवली. दशमी. साडेसात. म्हणजे दीडला ओहोटी. काकांनी स्वतःच सांगितलं होतं की!

तसाच खाली आलो. काका मोरीत पातेलं घासत होते.

"काका, तुम्ही चुकला नव्हतात."

त्यांनी मान वर केली नाही. "मगे काय करू? तुमी सगळे दारातसून बोलतास. एक दिस तरी बसाल, म्हटलां." मग पातेलं उपडं घालून, "रागावलंस?"

रागावलो होतो, खरंच. वरून बायकोची हाक आली, "अहो, सिनेमा संपतोय!"

मी चपला काढल्या आणि आत जाऊन बसलो. काकांनी हात पुसले, चहाचं आधण ठेवलं. साडेसातला भरती पुरी झाली असेल. तोवर मी तिथेच होतो.