मागची सीट, डावी बाजू

विज्ञानाच्या प्रत्येक पावलामागे कोणाचा तरी निःस्वार्थ त्याग असतो. निगडी प्राधिकरणातल्या आमच्या सोसायटीत हा त्याग दर रविवारी सकाळी, दळव्यांच्या गाडीत, मागच्या सीटवर डाव्या बाजूला, मांडीवर ताकाचा तांब्या धरून करावा लागतो. तो मी करतो. निघताना तांब्या काठोकाठ भरलेला असतो. परत येईपर्यंत त्यातलं बरंचसं विज्ञान माझ्या पँटवर असतं.

दळवी माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत, क्वालिटी खात्यात, त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली आणि रिटायर झाल्यावर ते खातं घरी घेऊन आले. त्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं, "जोड जमली पाहिजे, राव." डब्याला झाकण बसेना, जोड जमली नाही. सेक्रेटरी आणि खजिनदार एकमेकांशी बोलत नाहीत, तिथेही तेच. लग्न ठरवताना लोक ज्योतिषाला गाठतात. आमच्याकडे दळव्यांना चुकवावं लागतं, कारण जिन्यात भेटले की ते पत्रिका न बघताच निकाल देतात.

प्रकरण सुरू झालं सीएनजीमुळे. डिकीत टाकी बसवली, गाडीचा मागचा भाग खाली बसला, म्हणून दळव्यांनी कडक स्प्रिंगा टाकल्या. इथे कोणीही सुज्ञ माणूस थांबला असता. पण गाडीच्या पोटाखाली डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा एक पोलादी रॉड असतो, यू आकाराचा. वळणावर गाडी एका अंगाला कलली की तो तिला सावरतो. त्याला स्टॅबिलायझर म्हणतात. हे मला माहीत नव्हतं आणि त्यावाचून माझं काही अडलंही नव्हतं. दळव्यांचं म्हणणं असं की स्प्रिंग कडक झाली म्हणजे रॉडही तसाच कडक हवा. कंपनीत वरच्या ग्रेडच्या स्प्रिंगबरोबर वरच्या ग्रेडचा रॉड एकाच ट्रॉलीतून जायचा म्हणे. ट्रॉलीत गेलेल्या गोष्टीवर दळवी शंका घेत नाहीत.

दापोडीच्या गॅरेजवाल्या रशीदभाईंनी त्यांना परोपरीनं सांगितलं की साहेब, गाडी छान आहे, कशाला छेडता. दळव्यांनी मूळचा रॉड काढायला लावला आणि जाड घातला. मग त्याहून जाड. निघालेला मूळ रॉड बाल्कनीतल्या कुंडीत उलटा खोचला, त्यावर वहिनींनी गोकर्ण चढवली.

प्रत्येक नव्या रॉडनंतर चाचणी. त्यासाठी माणूस निवडताना दळव्यांनी सोसायटीतल्या पुरुषांना वजन विचारलं होतं. पाटील भरघोस मतांनी बाद झाले. मी एकोणसाठ किलो म्हटल्यावर दळव्यांचा चेहरा उजळला. "अगदी बरोबर," ते म्हणाले, जणू हे वजन मी मेहनतीनं मिळवलं होतं. तेव्हापासून पाटील रविवारी उशिरापर्यंत झोपतात आणि दुपारी माझं सांत्वन करतात.

चाचणीचा मार्ग ठरलेला. प्राधिकरणातली चौकाचौकातली वळणं, मग स्पाइन रोड, मग मोशीकडचा एखादा निवडक खड्डा. वळणावर गाडी खरोखरच कलायची नाही. पण डावं चाक खड्ड्यात गेलं की त्याचा हिशेब उजव्या चाकालाही चुकवावा लागायचा, आणि गाडी अशी झटका द्यायची की ताक आधी उडायचं, मग मी. दळवी गाडी बाजूला घेऊन तांब्यात डोकावायचे. मी कसा आहे हे कधी विचारायचे नाहीत. पाणी का चालत नाही, असं मी एकदा विचारलं. "पाणी उगाच नाचतं हो. पोटात काय नुसतं पाणी असतं का?" हे उत्तर मला कळलं नाही, पण दळव्यांची बरीच उत्तरं मला कळत नाहीत.

चौथी पँट धुवायला टाकल्यावर मी बंड करायचं ठरवलं आणि वर गेलो. दळवी घरी नव्हते. वहिनी फोनवर होत्या, "येते गं आई, येते," असं म्हणत. फोन ठेवून त्यांनी चहा टाकला. माणगावजवळ त्यांचं माहेर. आईला आता दिसायचं कमी झालंय, दिसतंय तोवर तोंड दाखवून जा म्हणते. पण मध्ये ताम्हिणी घाट, आणि वहिनींना गाडी लागते. मागच्या वेळी तर अर्ध्या घाटातून परत फिरावं लागलं होतं.

"पुढच्या सीटवर बसून बघा ना," मी म्हटलं.

"पुढं दरी दिसते हो भावजी. मी आपली मागं बसते, डावीकडं."

बाईमाणसाला वजन विचारू नये, एवढं मला कळतं. विचारायची गरजही नव्हती. मी चहा प्यायलो, आणि रविवारी तांब्या धरला.

त्यागाला अर्थ आला म्हणून ताक सांडायचं थांबत नाही. आणखी एक रॉड झाला, आणखी एक पँट झाली. मग एका संध्याकाळी पाटलांनी जिन्यात मुलीच्या स्थळाची बातमी दिली आणि दळव्यांनी लगेच निकाल दिला. मुलगा कडक, मुलगीही कडक, जोड जमणार नाही. "खड्डा एकाचा आणि आदळणार दोघं. एक कडक असला तर दुसऱ्यानं थोडं नरम..."

इथे ते थांबले. पाटील चिडायच्या तयारीत उभे होते, पण वाक्य पुरं होईना. दळव्यांनी माझ्या पँटकडे पाहिलं, मग गच्चीकडे पाहावं तसं वर पाहिलं, आणि जिना चढून गेले. दुसऱ्या दिवशी वहिनी बाल्कनीत गोकर्णीचा एकेक वेल कुंडीतल्या रॉडवरून सोडवताना दिसल्या.

मूळ रॉड परत बसला. त्या रविवारी वळणावर गाडी जरा कलली, खड्ड्यात जरा दबली, आणि पँट कोरडी राहिली. दळवी बराच वेळ तांब्यात पाहत होते. आता व्याख्यान होणार म्हणून मी सावरून बसलो.

"लेले," ते म्हणाले, "पुढच्या रविवारी गाडी तुम्ही चालवाल का? मला तिच्याकडं बघायचंय."

ताम्हिणीत गाडी मी चालवली. वहिनी मागे, डावीकडे, डोळे गच्च मिटून. दळवी माझ्या शेजारी, पट्ट्यात पिळवटून मागे तोंड करून, सगळा घाट वहिनींच्या चेहऱ्यावर नजर लावून. मध्येच वहिनींनी एक डोळा उघडला, मग दुसरा. "अहो, पुढं बघा की," त्या म्हणाल्या. ते बघेनात. मग वहिनींनी काच खाली केली आणि बाहेर पाहत मला झाडांची नावं सांगायला लागल्या.

घाट उतरल्यावर गाडी थांबवावी लागली. उलटी दळव्यांना झाली. वहिनींनी त्यांची पाठ चोळली आणि तांब्यातलं ताक पाजलं.