न पाहिलेल्या सिनेमाचं इतिवृत्त

बाराव्या मिनिटाला सिनेमा अडकला आणि चित्रपट मंडळाच्या सभेला खरं तोंड फुटलं. पडद्यावर बायकी केसांचा टोप घातलेला नायक रडवेल्या चेहऱ्याने थिजला होता. ज्याचं शरीर जन्मतःच बाई-पुरुष अशा दोन रकान्यांत बसत नाही, अशा एका इंटरसेक्स माणसाची त्याची भूमिका होती. हा सिनेमा सभासदांना दाखवायचा की नाही, ते आज ठरायचं होतं.

"हा टोपच अपमान आहे," उपाध्यक्षबाई म्हणाल्या. "त्या लोकांना काय वाटेल? रद्द करा."

"त्या लोकांसाठीच तर दाखवायचा," खजिनदार म्हणाले. "टोपाखालचं दुःख बघा."

"बारा मिनिटांत दुःख कळलं तुम्हाला?"

"तुम्हाला नाही का तेवढ्यात अपमान कळला?"

चिटणीसबाईंनी मान वर केली. तबकडी तपासायच्या निमित्ताने त्यांनी आदल्या दिवशी घरी अख्खा सिनेमा पाहिला होता. शिवाय त्या स्वतः इंटरसेक्स होत्या. मंडळात हे कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण अठरा वर्षांत इतिवृत्ताखेरीज त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. आज मात्र बोलायचंच, असं त्या ठरवून आल्या होत्या.

"मी काय म्हणते—"

"बाई, तुम्ही लिहून घ्या. नंतर राहून जातं," अध्यक्ष म्हणाले.

दुसऱ्यांदा तोंड उघडलं, तेव्हा त्यांना 'अपमान' हा शब्द ठळक लिहायला सांगण्यात आलं. तिसऱ्यांदा, खिडकी लावायला. 'त्या लोकांचा' कैवार घ्यायला दोन्ही बाजू अशा हमरीतुमरीवर आल्या की चिटणीसबाईंना भीक नको पण कुत्रं आवर असं झालं.

शेवटी ठराव झाला. अशी एखादी व्यक्ती शोधायची आणि तिलाच विचारायचं. त्यासाठी तिघांची समितीही नेमली.

"पण भेटणार कुठे?"

"मोठ्या शहरात असतात म्हणे."

शिरस्ता असा, की इतिवृत्त वाचल्याशिवाय सभा संपत नसे. अध्यक्षांनी वही उचलली आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"ठराव तिसरा. व्यक्ती शोधण्यासाठी समिती नेमण्यात आली. सदर व्यक्ती याच टेबलाशी बसून हे लिहीत आहे. तिने तीनदा बोलण्याचा प्रयत्न केला..."

अध्यक्षांचा आवाज विरत गेला. टेबलाशी लिहिणारं माणूस एकच होतं.

खजिनदारांनी विचारलं, "मग... अपमान होतो का हो?"

चिटणीसबाईंनी आपल्या पेनाला टोपण लावलं.

"सिनेमात होतो, थोडासा," त्या म्हणाल्या. "तरी दाखवा. नंतर तासभर मी बोलणार."

अध्यक्षांनी खिसे चाचपले, उपाध्यक्षबाईंकडून पेन मागून घेतलं आणि ते वहीवर वाकले. दोन शब्द लिहून अडले.

"बाई," ते हळूच म्हणाले, "जरा सावकाश सांगाल?"