रिकाम्या रकान्याचं देवक

सन २००७ च्या उन्हाळ्यात जालन्याच्या एका वधू-वर सूचक मंडळानं सोयरिकी संगणकावर जुळवायचं ठरवलं. ठराव एकमतानं झाला, कारण संगणक म्हणजे काय हे कुणालाच माहीत नव्हतं. काम संपतकडे आलं. संपत बत्तीस वर्षांचा, पुण्यात दोन वर्षं प्रोग्रॅमिंग करून परत आलेला आणि बिनलग्नाचा. मंडळाचे अध्यक्ष तातेराव, निवृत्त मुख्याध्यापक, यांनी मानधनाचा विषय निघायच्या आतच मिटवला. म्हणाले, मशीन चालू झालं की पहिलं स्थळ तुझं. संपत हो म्हणाला. लग्नाच्या बाबतीत त्याची घासाघीस करायची ऐपत राहिली नव्हती.

डेटाबेसशी थेट बोलणं संपतला कमीपणाचं वाटे. त्यासाठी त्यानं एक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेला तयार प्रोग्रॅम, आणली होती. आपण आपल्या भाषेत तिला सांगायचं, ती तिच्या भाषेत डेटाबेसला विचारते आणि उत्तर आणून देते. थोडक्यात, मध्यस्थच. पलीकडं जाऊन तो नेमकं काय बोलतो हे मुलाकडच्यांना जसं कळत नाही, तसंच संपतलाही कळत नव्हतं. पण काम होतं ना, मग झालं तर!

पहिली अट साधी होती: मुलीचं देवक, म्हणजे कुळानं पुजायचं झाड-पान, मुलाच्या देवकाशी जुळता कामा नये. संपतनं एका ओळीत लिहून टाकली. पुढच्या बैठकीत मामाचं कूळ निघालं. त्याच्या पुढच्या बैठकीत, मुलाच्या बहिणी जिथं दिल्या ती घरं, चुलत्यांच्या सोयरिकी, आणि त्या सोयऱ्यांच्या आजोळची देवकंही वर्ज्य ठरली. संपतनं प्रश्नाच्या पोटात प्रश्न घातला, त्याच्या पोटात आणखी एक. सहाव्या प्रश्नाला तो खुर्ची मागं सारून स्वतःकडंच कौतुकानं बघत बसला. अटी कुणी घातल्या हे तो तोवर विसरला होता. हे सगळं आपल्यालाच सुचलं, अशी त्याची प्रामाणिक समजूत झाली होती.

अर्ज आले चारशे बारा मुलांचे आणि तीनशे ऐंशी मुलींचे. ते संपतनंच भरले. भरता भरता दोनशे सतराव्या अर्जावर त्याचा हात थांबला. मुलगी धावड्याच्या शाळेत शिक्षिका. नात्यांच्या तक्त्यात तिनं स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘वहिनी दुसऱ्या समाजातल्या. त्यांना विचारून घेतलं, देवक कळंब.’ संपतनं तो अर्ज तीनदा वाचला. खोटं कशाला, त्याला मुलगी आवडली. फोटो त्यानं नंतर पाहिला.

स्वतःचा अर्जही त्यानं भरला. बहिणीचं नाव बेबीनंदा. तिनं नऊ वर्षांपूर्वी आपल्या मनानं दुसऱ्या समाजात लग्न केलं होतं. त्या घरचं देवक काय लिहू, असं त्यानं आईला विचारलं. चांगुणाबाई भाजी निवडत होत्या. “कोरं सोड,” त्या म्हणाल्या, “कोण बघून राह्यलंय?” तातेरावांनीही तो रकाना सक्तीचा करू नको म्हणून आधीच बजावलं होतं. संपतनं कोरं सोडलं.

उद्घाटनाला नारळ फुटला. तातेरावांनी मोठ्या मनानं पहिलं स्थळ पुतण्याला देऊ केलं. संपतनं बटण दाबलं. उत्तर आलं, शून्य. दुसऱ्या मुलाचं शून्य, तिसऱ्याचं शून्य. संपतनं धीर करून स्वतःचा क्रमांक घातला. तिथंही शून्य. तीनशे ऐंशी मुलींतली एकसुद्धा जिल्ह्यातल्या एकाही मुलाला चालत नव्हती.

मध्यस्थ पलीकडं काय बोलतो ते संपतनं मग पहिल्यांदा ऐकलं. साडेतीन पानं छापून निघाली. डेटाबेसचं म्हणणं कुठल्याही कचेरीला शोभेल असं होतं: या मुलाच्या नात्यातल्या एका घराचं देवक कोरं आहे. ते काय, हे मला माहीत नाही. सबब, समोरच्या मुलीचं देवक त्याच्याशी जुळत नाही, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. सबब, ही मुलगी नामंजूर. पुढची मुलगी आणा.

एक कोरा रकाना, आणि अख्खी यादी बाद! मग असे अर्ज आहेत तरी किती, हा एक छोटासा, पोटात काही नसलेला प्रश्न संपतनं विचारला. उत्तर आलं: चारशे बारा. कुणाची बहीण, कुणाचा चुलता, कुणाची आत्या. तातेरावांच्या पुतण्याच्या तक्त्यात दोन होते.

तातेरावांनी आकडा पाहिला, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिला. “मशीन बिघडलं म्हणायचं,” ते हळूच म्हणाले. “बराबर?”

उपाय दोन होते. एक, विचारून रकाना भरायचा. संपतनं फोन उचलला आणि त्याच्या ध्यानात आलं की बहिणीचा नंबरच आपल्याकडं नाही. त्याला लाज वाटली. चांगली दहा मिनिटं वाटली. मग चहा आला. दुसरा उपाय एका ओळीचा होता: कोरे रकाने मोजू नका. चहा संपायच्या आत ती ओळ लिहून झाली. सगळ्यांना स्थळं मिळाली आणि संपतला हवं ते मिळालं, दोनशे सतरा.

धावड्याला जीप केली. आई, तातेराव, मंडळाचे चार जण. पोहे झाले. मुलीच्या हातात संपतचा छापील अर्ज होता, बहिणीपुढचा रकाना कोरा असलेला. पगार, शिक्षण, उंची यातलं तिनं काही विचारलं नाही.

“तुमच्या बहीण कुठं असतात?”

“भोकरदनला,” संपत म्हणाला.

“मंग तुम्ही भोकरदनवरूनच आल्ते की,” ती म्हणाली. “जीपमधी जागा न्हवती का?”

चांगुणाबाईंनी पदर नीट केला. तातेरावांना घड्याळ दिसलं. दोन दिवसांनी आलेल्या नकाराचं संपतला नवल वाटलं नाही. वाईट मात्र वाटलं. फार वाटलं. परतताना जीप भोकरदनच्या स्टॅंडावर पंक्चर काढायला अर्धा तास उभी होती, आणि तो खाली उतरला नव्हता.

मंडळाचं मात्र उत्तम चाललं. त्या हंगामात एकसष्ट लग्नं लागली, संपतला शाल-श्रीफळ मिळालं. कोरे रकाने असलेल्या त्या चारशे बारा अर्जांची यादी पुसून टाक, असं तातेरावांनी सांगितलं. संपतनं मशीनवरून पुसली. त्याआधी कागदावर छापून घेतली होती, आडनावाप्रमाणे लावून. सगळ्यात वर त्याचं स्वतःचं नाव आहे. क्रमानं ते तिथं येत नाही, त्यानं पेनानं लिहून वर नेलंय.

यादी अजून त्याच्याकडं आहे. हसून झालं असेल तर सांगा, आपलं आडनाव काय म्हणालात?