साळव्यांचा टॉवेल

आमच्या खिदिरपूरच्या इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर साळवे राहतात. ते माणूस म्हणून कसे आहेत, हे त्यांच्या टॉवेलवर अवलंबून असतं. टॉवेल कमरेला असला तर ते संत. दाराबाहेरच्या दांडीवर असला तर दगड. या दगडाशी माझं भांडण आहे आणि ते मी मिटवणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

दुपारी चारला ते कमरेला टॉवेल बांधून जिन्यात येतात आणि ओरडतात, "बोला! टॉवेल आहे तोवर मी तुमचा!" मग तळमजल्यावरचे घोषबाबू त्यांना पाण्याच्या टाकीत उतरवतात. समोरच्या मासीमा हरवलेला चष्मा शोधायला लावतात. चष्मा बहुतेक वेळा मासीमांच्या डोक्यावरच असतो, पण साळवे आधी पलंगाखाली शोधतात. "लगेच सांगितलं तर म्हातारीला ओशाळं वाटेल."

सहा वाजले की टॉवेल दांडीवर. मग कुणीही या.

एकदा सहानंतर घोषबाबू दिवा बदलायला बोलवायला गेले. "साळवेदा, एकच मिनिट!" साळवे दारातूनच म्हणाले, "देवानं मला दोन हात दिलेत, दादा. दहा हातांची आई तुमच्या मांडवात येते, तिला सांगा." देवीच्या पूजेला अजून दोन महिने होते.

"आणि आग लागली तर?" मी त्यांना पेचात पकडायला विचारलं.

"आगीला टॉवेल नाही, बादली लागते. बादली घेऊन येईन."

साळवे ख्रिस्ती, मूळचे नगरकडचे. बंदरातल्या नोकरीमुळे इथे आले आणि निवृत्त झाल्यावर इथेच राहिले. टॉवेलचं शास्त्र ते कुणालाही ऐकवतात. "प्रभूनं कमरेला टॉवेल बांधला आणि शिष्यांचे पाय धुतले. हे सगळ्यांना पाठ आहे. पण धुऊन झाल्यावर त्यानं आपली वस्त्रं घातली आणि तो पुन्हा जेवायला बसला. ते कुणी लक्षातच ठेवत नाही!"

पूर्वी त्यांच्याही लक्षात नव्हतं. तेव्हा ते अष्टौप्रहर सगळ्यांचे होते. कुणाचा पोपट सांभाळ, कुणाच्या जावयाला स्टेशनवरून आण. स्वतःच्या लग्नाच्या वाढदिवशी बराकपूरला भलत्याच्याच लग्नात भात वाढत होते. मग रूथवहिनींना अर्धांगवायू झाला. त्या हिंडूफिरू लागल्या, पण उजवा हात गेला तो गेलाच. तेव्हापासून हा सहाचा नियम. घरी जाऊन बायकोची सेवा करत असतील, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

आता माझ्या कपाटाकडे येतो.

बागबाजारच्या एका जुन्या घरातून मी सागवानी कपाट घेतलं. तीन वेळा उठून निघून गेलो, तेव्हा कुठे मालक माझ्या भावावर आला. सुतार म्हणाला, सुटं करून न्या. त्यासाठी तो वेगळी मजुरी मागत होता, म्हणून मी म्हटलं, अख्खंच चढवू. हमालांनी जिन्याचे वेगळे मागितले. मी म्हटलं, जिना इमारतीच्या आतच असतो, नाही का? या मुद्द्यावर मी तासभर भांडलो आणि जिंकलो. हमाल कपाट फाटकात ठेवून निघून गेले.

टॉवेल बांधलेले साळवे खाली आले. "पावणेसहा झाले, जगदाळे. उद्या चारला चढवू."

"अहो, दहा मिनिटांचं काम आहे!"

"कपाटाला विचारलंत?"

तरी लागले बिचारे. वरच्या बाजूला साळवे, खाली मी आणि घोषबाबू. पहिल्या वळणावर कपाट भिंत आणि कठड्याच्या मध्ये असं रुतलं, की ते मागे येईना की पुढे जाईना. तेवढ्यात सहा वाजले. साळव्यांनी कपाट हलवून पाहिलं, खाली दोन विटा सरकवल्या, म्हणाले, "आता हे कुठे जात नाही," आणि टॉवेल सोडत वर निघून गेले.

मी! ज्याच्याशी घासाघीस करताना खिदिरपूरच्या व्यापाऱ्यांना घाम फुटतो, तो मी स्वतःच्याच कपाटाच्या पायांखालून सरपटत निघालो. शर्ट फाटला. घोषबाबू मागून "आस्ते, आस्ते" म्हणत होते, त्याचा जास्त राग आला. तसाच वर गेलो. दांडीवर टॉवेल होता. दार उघडंच होतं.

साळवे खुर्चीत बसले होते. दोन्ही तळवे मांडीखाली दाबलेले, नजर स्वयंपाकघराकडे. शिक्षा झालेलं पोर बसावं तसे.

"साळवे! माझं कपाट–"

"शूऽ! बसा. आणि हात मांडीखाली घ्या, नाहीतर तुम्हीही उठाल."

आत झाकण पडलं. साळवे खुर्चीतून वीतभर उचलले गेले, पुन्हा बसले. भांडं घरंगळलं. पुन्हा उचलले गेले, पुन्हा बसले. कपाट चढवताना आला नव्हता एवढा घाम त्यांच्या कपाळावर होता.

मग रूथवहिनी आल्या. डाव्या हातात कपबशी, एक पाय ओढत. निम्मा चहा बशीत. उंबऱ्यापाशी थांबल्या. मी उठणार तोच साळव्यांनी माझं मनगट धरलं. वहिनींनी उंबरा ओलांडला.

"पाहुणे आहेत होय? मग हा तुम्हाला, भाऊजी. यांचा आणते दुसरा."

"अहो वहिनी, राहू द्या–"

मनगटावरची पकड घट्ट झाली. वहिनी आत गेल्यावर साळवे हळूच म्हणाले, "तेवढं म्हणू नका. अख्खी इमारत तिला 'राहू द्या' म्हणते. तिच्या हातचा चहा घेणारा मी एकटाच उरलोय." त्यांची नजर पुन्हा स्वयंपाकघराकडे गेली. "पाय धुणं सोपं असतं हो. धुऊन घेताना जीव जातो."

चहात साखर नव्हती. आयुष्यात पहिल्यांदाच मी आलेला माल तक्रार न करता ठेवून घेतला.

इतक्यात खालून, कपाटापलीकडून घोषबाबूंची हाक आली. "साळवेदा! एकबार आशुन ना!" एकदा या ना, म्हणत होते. साळव्यांचे हात मांडीखालून सुटायला लागले. मी त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं, जिन्यात गेलो आणि माझ्या कपाटावरून गरजलो, "घोषबाबू! टॉवेल दांडीवर है! कल चार बजे!"

कपाटाचा राग मी अजून सोडलेला नाही. पण आत आलो, खुर्चीत बसलो आणि दोन्ही हात मांडीखाली घेतले.

स्वयंपाकघरात चमचा पडला. आम्ही दोघंही उठलो नाही.