दगडातला कापूस

शालिकराव दगड चाटतात. उगाच जिभेला लावून पाहत नाहीत, कुल्फी खावी तसे डोळे मिटून, मन लावून चाटतात. मी यवतमाळजवळच्या लोहाऱ्यात नवा राहायला आलो, तेव्हा शेजारच्या ओट्यावर हा देखावा पाहिला आणि बायकोला हळूच म्हणालो, दाराला कडी लाव. पुढे कळलं, की धुळीनं माखलेला दगड ओला केला की त्याचा खरा रंग दिसतो, आणि खदानीत पाणी हाताशी नसतं. "थुका लावल्याबिगर दगड तोंड उघडत नाई, मास्तर," हे त्यांचं शास्त्र. मलाही त्यांनी दोन-तीन दगड चाटायला दिले. एक खारट लागला. तो गुण दगडाचा की शालिकरावांचा, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

एसटीत त्यांनी आयुष्यभर कंडक्टरकी केली. गाडी झरी जामणीला दुपारी थांबली की ड्रायव्हर झाडाखाली झोपायचा आणि हे हातोडी-छन्नी घेऊन जवळच्या बंद पडलेल्या खदानीत उतरायचे. रिटायर झाल्यावर तर मोकळं रानच मिळालं. कोळशाची, चुनखडीची, गिट्टीची, जिल्ह्यातली एकही जुनी खदान त्यांनी सोडली नाही. घरात जांभळे, हिरवे, काचेसारखे दगड. प्रत्येकाखाली चिठ्ठी: 'चढला: मुकुटबन. उतरला: लोहारा.' कुठला आहे ते माहीत नसेल, तर दगड कितीही देखणा असो, "हा विदाउट हाय," म्हणून अंगणात.

सुमनवहिनी या सगळ्यांना सवती म्हणत. पाहुणा आला की म्हणायच्या, "बसा नं भाऊ, पण आंधी त्या खुर्चीवरच्या सवतीले उठवा." राळेगावकडच्या कापूसवाल्या घरातली बाई, दगड म्हणजे वखराला आडवा येणारा धोंडा, एवढीच त्यांची ओळख. एकही दगड त्यांनी कधी धड पाहिला नाही, आणि मग पाहता येईना. काचबिंदूनं दोन वर्षांत डोळे गेले. आता उजेड-अंधार तेवढा कळतो. शालिकरावांनी त्यांच्या वाटेतले सगळे दगड उचलून भिंतीवरच्या फळ्यांवर चढवले.

गेल्या उन्हाळ्यात राळेगाव रस्त्यावरच्या एका जुन्या गिट्टीच्या खदानीत त्यांना तो सापडला. काळा दगड फुटला आणि आत पोकळीत कापूस. खरंच सांगतो, उकललेल्या बोंडातल्यासारखा पांढरा, मऊ गोळा. तो दगडाचाच असतो, केसाहून बारीक तंतूंचा. बोट लागलं की तंतू चिकटून बसतात, पुन्हा उभे राहत नाहीत. म्हणून शालिकराव तो डब्यात ठेवून एसटीत राळेगाव ते यवतमाळ उभ्यानं आले. बाजूला दोन सिटा रिकाम्या होत्या. सिटवर बसलं तर धक्का डब्याला लागतो, उभं राहिलं तर गुडघ्यांना, असा हिशेब. कंडक्टरनं तीनदा बसायला सांगितलं, तेव्हा त्याला म्हणाले, "आपल्या मागं किती वर्सं लोकं उभे राह्यले. आज मी राह्यतो."

फोटो पाहून एका कॉलेजचे प्राध्यापक उत्साहात आले. आपल्या जिल्ह्यात असा नमुना त्यांनी पाहिला नव्हता. कॉलेजच्या संग्रहालयात काचेच्या पेटीत ठेवू, खाली शोधणाऱ्याचं नाव लिहू, म्हणाले. शालिकराव त्या दिवसापासून ताठ चालायला लागले. कार्डावरचं नाव माझ्या अक्षरात हवं म्हणून मला चार कार्डं लिहायला लावली. एकावर 'शालिकराव' जरा बुटकं आलं, म्हणून बाद. माणसाचं नाव जन्मभर दुसऱ्यांच्या यादीतच आलेलं असतं. त्यांना ते एकदा एकटं हवं होतं.

प्राध्यापक न्यायला येणार त्या सकाळी मी चौथं कार्ड घेऊन गेलो. दगड टेबलावर होता, वहिनी शेजारी. त्या म्हणाल्या, "सारं गाव पाहून गेलं म्हन्ते. कसा हाय वो तो?"

शालिकरावांनी सांगायला सुरुवात केली. पांढरा. दुधासारखा नाही, सायीसारखाही नाही. ढगासारखा म्हणाले, मग स्वतःच नको म्हणाले. कोणत्या खदानीचा, किती खोल, कुठली छन्नी, सगळं सांगून झालं. वहिनी ऐकत होत्या, पण चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं. गाडीभर माणसांना आवाजानं हलवणारा हा माणूस पहिल्यांदाच माझ्यासमोर अडला.

"राहू द्या," वहिनी म्हणाल्या. "समजलं मले."

शालिकरावांनी घड्याळाकडे पाहिलं. माझ्या हातातल्या कार्डाकडे पाहिलं. मग वहिनींचा हात धरला आणि त्यांचं बोट त्या कापसावर ठेवलं.

मी ओरडणारच होतो, पण त्यांनी मला नजरेनं गप्प केलं. वहिनींचं बोट गोळ्यावरून फिरलं, एकदा, दोनदा, मग सावकाश सगळीकडे. मागे तंतू झोपत गेले.

"अवो, हे तं बोंड हाय," त्या म्हणाल्या. "पन वेचाले निंगत नाई."

"नाई निंगत," शालिकराव म्हणाले. "दाबून पाह्य अजून."

प्राध्यापक अकराला आले, फोमची पेटी घेऊन. दगड खिडकीशी नेऊन पाहिला. हात कोणी लावला, एवढंच शेवटी विचारलं. "मीच लावू देल्ला," शालिकराव म्हणाले, आणि चहा आणायला उठले. भला माणूस, चहा पिऊन, इतर दगडांचं कौतुक करून, रिकामी पेटी घेऊन गेला. मी कार्ड खिशात घातलं.

शालिकराव त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेले. परत येताना पावलं जड होती, खोटं कशाला सांगू. फाटकाशी ते थांबले, उगाच कडी वर-खाली करत राहिले.

तेवढ्यात आतून वहिनींचा आवाज आला.

"अवो, कुठं राह्यले? फळीवरचा दुसरा द्या नं."